तळ्यांतील कवच आणि खुराड्यांतील कीड

भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि भाताचा. तळ्यांच्या पाण्यांत डायॅटम नांवाचीं सूक्ष्म शैवालें असतात. त्यांचें कवच सिलिकेचें, म्हणजे कांचेच्याच जातीचें असतें. जगांत कित्येक ठिकाणीं अशा प्राचीन कवचांचे थर साचून माती झाली आहे. तीच कोंबड्यांच्या खुराड्यांत कीड मारण्यासाठीं वापरतात. तिचे कण पिसवा-उवांच्या अंगावरील मेणचट लेप शोषून घेतात. मग अंगांतील पाणी उडून कीटक वाळून मरतो. म्हणूनच ओली झालेली माती निरुपयोगी ठरते. पावसाळ्यांत खुराडें कोरडें राखणें हाच पहिला उपाय होय. तिची धूळ मात्र फुप्फुसांस बाधते. कोंबड्या बाहेर असतांना, मुखपट्टी बांधून ती बेतानेंच पसरावी. गाळणीसाठीं भट्टींत भाजलेली माती तर जनावरांजवळ आणूंच नये.