जुना घाटरस्ता आणि लांब पल्ल्याचा सायकलमार्ग : पैसा कोठून, आखणी कोणाची?

मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटाला पर्याय म्हणून जोडबोगदे खोदण्यात आले. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या वेळी त्यातून प्रथम वाहने सोडण्यात आली. घाटाची वळणे चुकली, वेळ वाचला, ही आनंदाची बाब आहे. परंतु पोलादपूरपासून खेडच्या बाजूपर्यंत जुन्या रस्त्यावर ज्यांची रोजी आहे, त्या चहावाल्या, पंक्चरवाल्या व फळविक्रेत्या बांधवांपुढे प्रश्न उभा आहे. बोगद्यातून जाणारे गिऱ्हाईक त्यांच्या दारात येणार कसे?

चौपदरी रस्त्यावरची मोटार थांबत नाही. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला मात्र थांबावेच लागते. तो दिवसाला साधारण ७० ते १०० किलोमीटर जातो. त्याला वाटेत दोन-तीनदा खाणे, पाणी, रात्रीचा मुक्काम आणि कधी सायकलची दुरुस्ती लागते. म्हणून सायकलमार्ग हा केवळ हौशी तरुणांचा विषय नाही, तो व्यापाराचा विषय आहे, असे आम्हांस वाटते.

पोलादपूरचे स्थान या दृष्टीने मोक्याचे आहे. येथून एक वाट कशेडीमार्गे दक्षिण कोकणात जाते. दुसरी आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वरला चढते. सुमारे ४० किलोमीटरमध्ये जवळपास १,३०० मीटरची चढण आहे. मोटारवाल्याला ती त्रासाची वाटते, सायकलस्वार तिच्यासाठीच येतो. शिवाय महाडमार्गे रायगड किल्ला जवळच आहे.

अडचण कोठे आहे?

आपल्याकडे रस्त्यांचे वर्ग ठरलेले आहेत : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. ज्या वर्गाचा रस्ता, त्या खात्याचा पैसा. या यादीत लांब पल्ल्याचा सायकलमार्ग हा वर्गच नाही. त्यामुळे तीन-चार खात्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मार्गाला कोणीच वाली राहत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकलमार्गाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या (त्या २०१५ मध्ये सुधारण्यात आल्या). मूळ शिफारशीप्रमाणे, ताशी २०० हून अधिक मोटारी असलेल्या रस्त्यावरसुद्धा वेगळी सायकलपट्टी हवी असेल तर गर्दीच्या वेळी ताशी किमान १०० सायकली असाव्या लागत. हा हिशेब शहराचा आहे. पोलादपुरात अशी संख्या दाखवता येणार नाही. म्हणून वेगळ्या पट्टीची मागणी करून उपयोग नाही.

बाहेरचा अनुभव

लांब पल्ल्याचा सायकलमार्ग बहुधा नव्याने बांधला जात नाही, तो जोडला जातो. तैवानने २०१५ मध्ये बेटाला वळसा घालणारा साडेनऊशे किलोमीटरहून लांब मार्ग पुरा केला. त्यात बराचसा भाग जुन्याच रस्त्यांचा असून त्यावर क्रमांकाच्या खुणा केलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये सस्ट्रान्स या संस्थेला १९९५ साली राष्ट्रीय सायकल जाळ्यासाठी ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले. ती रक्कम लॉटरीच्या उत्पन्नातली होती. तिच्याविषयी आपल्या वाचकांचे मत वेगळे असणार, पण नियोजनाचा धडा घेण्यासारखा आहे. भरधाव मोटारींच्या रस्त्यावर नुसत्या पाट्या लावल्याने मार्ग सुरक्षित होत नाही, हे तेथे पुढे दिसून आले. २०२० मध्ये त्या जाळ्याचा जवळपास चौथा भाग वगळावा किंवा वेगळ्या वर्गात टाकावा लागला.

म्हणजे आधी मोटारी कमी झालेला रस्ता हवा, पाटी त्यानंतर. आणि असा रस्ता कशेडीच्या रूपाने आपल्या दारात आहे.

मागणी काय व कोणाकडे?

महामार्गाला पर्यायी मार्ग झाल्यावर जुना तुकडा एकदा दुरुस्त करून राज्याच्या ताब्यात देण्याची पद्धत आहे. हीच वेळ महत्त्वाची. त्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच रस्त्याच्या कडा, संरक्षक कठडे, गटारे व दिशादर्शक पाट्या धराव्यात, अशी मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लेखी करावी. काम संपल्यावर स्वतंत्र मागणी केली तर वर्षे जातात.

स्वच्छतागृह, पाण्याची सोय, विश्रांतीची शेड यांचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो. त्यासाठी प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती आहे, आणि खासदारांचा वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी आहे. मात्र कागद खालून वर गेला पाहिजे. प्रथम ग्रामसभेचा किंवा नगरपंचायतीचा ठराव, मग अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि शेवटी निधी. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे ठराव दिवाळीपूर्वी झालेला बरा.

देखभालीचा मुद्दाही ठरावात असावा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली, आंबेनळीचा रस्ताही खचला. पावसाळ्यात घाट बंद ठेवण्याचा निर्णय कोण घेणार आणि दरड कोण उचलणार, हे आधी ठरले नाही तर पाट्या उभ्या राहतील आणि मार्ग बंद पडेल.

आपली तयारी

सरकारचा पैसा येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. लांब पल्ल्याच्या बहुतेक सायकलींना ७०० मापाच्या ट्यूब व बारीक तोंडाचा व्हॉल्व असतो. आपल्याकडचा नेहमीचा पंप त्याला बसत नाही. ज्या कारागिराकडे चार ट्यूब, ब्रेकच्या तारा आणि योग्य पंप असेल, त्याचे नाव सायकलस्वार एकमेकांना सांगतात. आखातातून परतलेल्या आपल्या अनेक बांधवांची घरे मोठी असून खोल्या रिकाम्या आहेत. स्वच्छ खोली, सायकल आत ठेवण्याची मुभा आणि सकाळचा नाश्ता एवढे भांडवल त्यास पुरे. मुसाफिराची खातिरदारी ही आपली जुनी रीत आहे. वाजवी दर ठेवला तर त्यात बरकतही आहे.

व्यापारी व कारागीर बांधवांनी, सर्व समाजांच्या दुकानदारांना सोबत घेऊन, पुढच्या ग्रामसभेतच हा विषय मांडावा. जुना रस्ता एकदा मोडकळीस आला की तो पुन्हा मिळवणे कठीण जाईल.