मेंदूतले ‘थांब’

चेतापेशी एकमेकींना संदेश देतात, हे आपण वर्गात सांगतो. त्यांतले काही संदेश ‘थांब’ असे सांगणारे असतात, हे मात्र राहून जाते.

चेतापेशीला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका असतात. त्यांच्यावर हजारो संपर्कस्थाने असतात. विश्रांतीत पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. उत्तेजक संदेशांमुळे हा फरक ५५ च्या आसपास आला, की पेशी आवेग सोडते. निरोधक संदेश बहुधा क्लोराइड आयनांची दारे उघडतात. मग आलेला विद्युतप्रवाह वाटेतच गळतो.

ही गळती कुठे आहे, याला महत्त्व आहे. पाथर्डीजवळ गर्भगिरीच्या डोंगरातून उतरणारे ओढे डोळ्यांपुढे आणा. एका ओढ्याच्या काठाला भगदाड पडले, तर त्याच ओढ्याचे पाणी घटते, शेजारच्याचे नाही. सगळे ओढे मिळतात त्याच्या खाली भगदाड पडले, तर सगळ्यांचेच घटते. वृक्षिकांचेही साधारण असेच. फरक एवढाच, की ओढा उलटा वाहत नाही, विद्युतप्रवाह दोन्हीकडे पसरतो. विल्फ्रिड रॉल यांनी १९६० च्या दशकात याचे गणित मांडले.

आता फळ्यावर एक कल्पित उदाहरण घ्या. निरोधन नसताना पेशी सेकंदाला १०, २०, ३० आवेग सोडते. निरोधनानंतर ०, १०, २० झाले तर ती वजाबाकी. ५, १०, १५ झाले तर भागाकार. गळती पेशीकायेवर असेल, तर बहुधा वजाबाकी होते; कारण आवेग सोडणाऱ्या पेशीकायेचा दाब एका ठरावीक पातळीभोवतीच राहतो. वृक्षिकेवर तसे बंधन नसते. त्यामुळे तिथली गळती भागाकारही करू शकते, असे गणिती प्रतिमाने दाखवतात. भागाकारात पेशी गप्प होत नाही, तिचा आवाज तेवढा लहान होतो.

हे ‘थांब’ नाहीसे झाले तर? धनुर्वाताच्या जंतूंचे विष मज्जारज्जूतील निरोधक संदेशच अडवते. स्नायूंना आखडण्याचा हुकूम सुटतो, आवरणारे कोणी नसते. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते.

म्हणून १० व्या आणि १६ व्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस महत्त्वाची. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल लसीच्या दिवशी शाळेत नसेल, तर परतल्यावर त्याची आठवणीने चौकशी करावी.