सपाट चमचा आणि उष्टावणाची वाटी

धाकटीच्या वेळी मला दूध पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी डब्याचे दूध सुरू करायला सांगितले. ‘अगं, दाट दूध पचायचे नाही, पाणी वाढव,’ सासूबाई म्हणाल्या. डबा महाग, तेव्हा मलाही ते पटले. महिन्याने वजनाच्या काट्याने आमची चूक दाखवली. बाळाचे पोट पाण्याने भरत होते, अंग भरत नव्हते.

‘वयाप्रमाणे डबा घ्या आणि माप सांभाळा,’ डॉक्टर म्हणाले. उकळलेले पाणी आधी मोजायचे, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट पूड घालायची. १९९२च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात आणि त्यांवर बाळाचे चित्र, दोन्हींना मनाई आहे. आईच्या दुधाची सर त्यांना नाहीच. पण घ्यावेच लागले, तर ते पातळ करणे म्हणजे बाळाच्या तोंडचा घास काढणे.

मग प्रश्न आला उष्टावणाचा. आमच्याकडे मुलीचे पाचव्या महिन्यात करतात. डॉक्टरांनी सहा महिने पुरे होऊ द्यायला सांगितले. तोवर मूल मान सावरते, आधाराने बसते. फार लांबवूनही चालत नाही. जन्मताना मिळालेली लोहाची शिदोरी याच सुमारास सरत येते.

सहा पुरे होऊन सातवा लागला. महिना विषमच, त्यामुळे रिवाजही राहिला. मामाच्या मांडीवर बसून लेकीने मऊ वरणभात चाखला. वर्षाची होईपर्यंत मध मात्र वर्ज्य. दूधही चालूच आहे. आता डब्याचा चमचा सासूबाईच सुरीच्या पाठीने सपाट करतात.