'नॉर्मल' म्हणजे नक्की किती?

वैरागच्या बाजारात दिवसभरात 'नॉर्मल' हा शब्द किती वेळा कानावर पडतो, एकदा मोजून बघा. "बीपी नॉर्मल आहे." "डिलिव्हरी नॉर्मल झाली." "यंदा पाऊस नॉर्मल सांगितलाय." तीन वाक्यं, तीन अर्थ. पहिल्यात ठरलेल्या मर्यादेच्या आत, दुसऱ्यात सिझेरियन न करता, तिसऱ्यात सरासरीच्या जवळपास. आपण मात्र तिन्हीकडे एकच ऐकतो: काळजीचं कारण नाही. घोळ इथंच होतो.

मुळात लॅटिनमधला 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा, गवंड्याचा गुण्या. गुण्याला बरोबर लागेल ते नॉर्मल. म्हणूनच भूमितीत काटकोनातल्या रेषेला आजही नॉर्मल म्हणतात. पुढे अर्थ सरकत 'नियमात बसणारं' आणि मग 'नेहमीचं' असा झाला.

आता पावसाचं बघू. हवामान खातं जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर असला, की त्याला नॉर्मल म्हणतं. समजा, सरासरी ५०० मिलिमीटर आहे. मग ४०५ पण नॉर्मल आणि ५९५ पण नॉर्मल! मधे १९० मिलिमीटरचा फरक.

शिवाय ही झाली जून ते सप्टेंबर, १२२ दिवसांची बेरीज. समजा, पेरणी वेळेवर झाली, ऑगस्टमध्ये शेंगा भरायच्या वेळी तीन आठवडे उघडीप पडली, सोयाबीन वाळलं आणि सप्टेंबरात चार दिवसांत धो धो कोसळला. बेरीज नॉर्मलच येणार. पीक मात्र गेलेलं.

टीव्हीवर "देशात नॉर्मल मान्सून" ऐकाल, तो आकडा तर अख्ख्या देशाचा. सरासरी ८७ सेंटिमीटर, त्यात कोकण आलं, मेघालय आलं. आपला बार्शी तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. त्या आकड्यावर इथलं बियाणं कसं ठरवणार?

म्हणून कुणी नॉर्मल म्हणालं की तीन प्रश्न विचारा. कुठल्या जागेची सरासरी? किती दिवसांची? आणि किती कमी-जास्त चालतं? पावसापुरतं सांगायचं, तर राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस बघता येतो. पेरणीचा, फवारणीचा निर्णय घेताना बातमीतल्या एका शब्दापेक्षा आपल्या मंडळाचे रोजचे आकडे जास्त कामाचे.