‘एस्पोझितो’ : एका इटालियन आडनावाची व्युत्पत्ती आणि अर्थ

आडनावांच्या अभ्यासात शब्दाची व्युत्पत्ती आणि तो धारण करणाऱ्या कुळाचा इतिहास यांची गल्लत सहज होते. नेपल्स व त्याच्या परिसरात अतिशय प्रचलित असलेले ‘एस्पोझितो’ हे आडनाव या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘एक्सपोझितुस’ या कर्मणि धातुसाधितात आहे. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, ‘एक्स’ म्हणजे बाहेर. म्हणून ‘बाहेर ठेवलेले’, अर्थात टाकून दिलेले मूल. आधुनिक इटालियनमध्ये याच धातुसाधिताचे रूप आखडून ‘एस्पोस्तो’ असे झाले. आडनावाने मात्र लॅटिन वळण राखले. हे रूप बोलीपेक्षा नोंदवहीच्या भाषेशी अधिक जवळचे आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

नेपल्समधील सांतिस्सिमा अन्नुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसविलेले होते. त्यास ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणत. रस्त्याच्या बाजूने त्यात मूल ठेवून पिंप फिरविले की ते आतील बाजूस पोहोचे. ठेवणाऱ्याचा चेहरा कोणास दिसत नसे. हे चाक १८७५ मध्ये बंद झाले. अशा मुलास कुलनाम नसे. नोंदीत त्या जागी त्याच्या अवस्थेचे विशेषणच लिहिले जाई आणि पुढील पिढीत त्याचे विशेषनाम होई. नेपल्सचे लोक याच मुलांना ‘मादोनाची लेकरे’ म्हणत. परंतु आडनाव म्हणून रूढ झाला तो दप्तरातील रूक्ष शब्द. आपल्याकडे नदीत सोडलेल्या कर्णास ‘राधेय’ हे नाव मिळाले ते सांभाळणाऱ्या मातेवरून. येथे मात्र नाव पडले ते टाकण्याच्या क्रियेवरून.

अन्यत्र शब्द निराळे. रोमकडे ‘प्रोयेत्ती’ (फेकलेले); फ्लॉरेन्समध्ये ‘इन्नोचेन्ती’ (निष्पाप), ब्रुनेलेस्कीने आराखडलेल्या व १४४५ मध्ये सुरू झालेल्या अनाथालयाच्या नावावरून; मिलानमध्ये ‘कोलोंबो’, तेथील मोठ्या रुग्णालयाच्या कबुतराच्या चिन्हावरून. तथापि ‘कोलोंबो’ हे व्यक्तिनामावरूनही येते. तेव्हा त्या आडनावाचे प्रत्येक घराणे अनाथापासून निघाले असे मानणे चुकीचे ठरेल.

‘एस्पोझितो’च्या बाबतीत व्युत्पत्ती निःसंदिग्ध आहे, आणि नेमकी तीच जाचक ठरली. मुरातच्या राजवटीत (१८०८–१८१५) नेपल्समध्ये हे आडनाव नव्याने देण्यास मनाई करण्यात आली. त्यानंतर अनाथ मुलांना कल्पित आडनावे दिली जाऊ लागली. जुनी कुळे मात्र आपले नाव चालवीतच राहिली. इटलीच्या २००० सालच्या नागरी नोंदणी नियमांनुसार, आईवडील अज्ञात असलेल्या मुलास त्याचा जन्मप्रकार सूचित करणारे नाव वा आडनाव देता येत नाही.