बसऱ्याला गेलेले पणजोबा

पनवेल, कामोठे, खारघरमध्ये स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांचं मूळ गाव महाड, माणगाव, पोलादपूरकडे असतं. त्यांतल्या काही घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं : आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते. त्यापुढचं कुणाला ठाऊक नसतं. ते शोधता येतं, आणि शोधायलाच हवं.

बसरा म्हणजे तेव्हाचं मेसोपोटेमिया, आजचा इराक. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथे कुत या शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 रोजी उपाशी, आजारी फौजेने शरणागती पत्करली. सुमारे 13,000 जण तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतले हजारो परतलेच नाहीत.

बसऱ्यात 1929 मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं. अधिकाऱ्यांची नावं दगडात कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा लिहिला. हा उघड अन्याय होता. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेही 2021 च्या अहवालात असा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. दगडावर नसलेली ही नावं कागदी नोंदवहीत होती. आज ती आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. तिथे नुसत्या आडनावावर विसंबू नका, इंग्रजी स्पेलिंग भलतंच असू शकतं. वडिलांचं नाव आणि गावही ताडून पाहा. जिल्हा ‘कुलाबा’ लिहिलेला असेल तर मुंबईतला कुलाबा समजू नका. आपला रायगड 1981 पर्यंत कुलाबाच होता.

आयोगाच्या या यादीत फक्त मृतांची नावं आहेत. परत आलेल्यांचा माग काढायचा तर घरातलं पदक आधी शोधा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदी म्हणून अनेक घरांत ते मोडीत गेलं, याची फार हळहळ वाटते. पलटणीचा क्रमांक जुना असेल तर गोंधळू नका : 1922 मध्ये या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. तिचं केंद्र बेळगावला आहे.

जन्ममृत्यूसाठी तहसील कार्यालयातला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर जाणकार सोबत न्या. दुसऱ्या महायुद्धातले आजोबा असतील तर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. त्याच युद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासोबतच्या शिपायांची नावं त्यांच्या घरच्यांनीच शोधायची आहेत.

गावाकडच्या पेटीत पदक, पेन्शनचं पुस्तक, जुनं पत्र असेल तर त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला याच आठवड्यात भेटा.