पटसंख्या, पद आणि निवृत्तिवेतन : सिंधुदुर्गातील जिल्हा परिषद शाळा

प्राथमिक शिक्षणावरील खर्चाचा बहुतांश भाग शिक्षकांचे वेतन व तदनुषंगिक देयता यांचाच असतो. त्यामुळे पट घटला की शाळा एकत्र कराव्यात, पदे कमी करावीत आणि खर्च आटोक्यात आणावा, असा विचार सहज सुचतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र तो तपासून घेणे अगत्याचे आहे. शाळेतील नेतृत्वाचे पद तेथे विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरते. शिक्षकापोटी येणारे आर्थिक दायित्व त्याच्या सेवावर्षांवरून ठरते. या दोन हिशेबांचा मेळ कोठेच बसविलेला नाही.

ही व्यवस्था कशी घडली हे थोडक्यात पाहिले पाहिजे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला. १९४७ च्या कायद्यान्वये जिल्हा शाळामंडळे आली, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर शाळा त्यांच्याकडे गेल्या. मालवण, देवगड, वेंगुर्ले हा किनारा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट कायम राहिली. शिक्षक जिल्हा परिषदेचा सेवक, परंतु त्याचे वेतन शासनाच्या अनुदानातून. पदांचे निकष ठरवावेत राज्याने, आणि त्यांचे परिणाम निस्तरावेत ओरोसच्या शिक्षण विभागाने, असा हा प्रकार आहे.

जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. मुंबईची वाट धरणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. वस्ती मात्र वाडीवाडीने विखुरलेली आहे. मध्ये खाडी असते, कातळाचा सडा असतो. नकाशावर हाकेच्या अंतरावरची शाळा पावसाळ्यात सात-आठ वर्षांच्या मुलाला जवळची राहत नाही.

आता उदाहरणादाखल शेजारच्या दोन वाड्यांतील शाळा घ्याव्यात. एकीत १२ मुले, दुसरीत ९, आणि प्रत्येकी दोन शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. शाळा एक केल्यास कागदावर दोन पदे वाचतात. प्रत्यक्षात त्या दोन शिक्षकांचे समायोजन अन्यत्र होते. त्यांचे वेतन चालू राहते, सेवा मोजली जाते, निवृत्तीचे दायित्व तसूभरही घटत नाही. वाचते ते एवढेच की, अन्यत्र होणारी नवी भरती टळते. शिवाय त्याच परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो तो १५० हून अधिक पटावर. म्हणजे २१ मुलांची शाळा एकत्रीकरणापूर्वी मुख्याध्यापकाविना होती, नंतरही तशीच राहते. पोषण आहाराचा हिशेब, नोंदवह्या आणि पालकांच्या तक्रारी मात्र कोणा एका उपशिक्षकाकडे ‘प्रभारी’ म्हणून जातात, आणि तेवढा वेळ वर्गातून जातो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

निवृत्तिवेतनाचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्या शिक्षकास अखेरच्या वेतनावर आधारित निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर आलेल्यांस अंशदान योजना लागू झाली. तीत शिक्षकाचे वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के, आणि शासनाचे एप्रिल २०१९ पासून १४ टक्के. एकाच शाळेत २००४ चा व २००६ चा शिक्षक शेजारी बसतात. राज्याला या काळात दुहेरी भार सोसावा लागतो : जुन्यांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान. नव्या योजनेने खर्च लगेच उतरला असता, ही अपेक्षाच मुळी चुकीची होती. मार्च २०२३ मधील १४ ते २० तारखांचा कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर झाला, आणि २०२४ मध्ये शासनास अखेरच्या वेतनाशी निगडित हमी देणारा सुधारित पर्याय स्वीकारावा लागला. काटकसर म्हणून सुरू झालेली व्यवस्था अशा रीतीने पुन्हा दायित्वाकडे वळली. २०२३ मध्येच रिक्त जागी निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला, तोही याच संदर्भात पाहावयास हवा; अशा नेमणुकीत निवृत्तीचे नवे दायित्व निर्माण होत नाही.

नेतृत्वाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आंतरजिल्हा बदलीचे आहे. कोकणात नियुक्त झालेले घाटावरचे अनेक शिक्षक काही वर्षांनी स्वजिल्ह्यात जातात. तेथे त्यांची ज्येष्ठता रुजू झाल्याच्या दिवसापासून धरली जाते, परंतु वेतन व निवृत्तीसाठी पूर्वीची सेवा अबाधित राहते. म्हणजे दहा वर्षांचा अनुभव देयतेत मोजला जातो, पदोन्नतीत मोजला जात नाही. इकडे सिंधुदुर्गात मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख होण्याच्या वाटेवर असलेला माणूस ज्येष्ठतायादीतून निघून जातो, आणि त्याच्या शाळेचा प्रभार पुन्हा उरलेल्या शिक्षकाकडे येतो.